कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांची जुनी चरित्रं जमवायची आहेत? मग अशी सुरुवात करा

मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव परकं नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' ज्याने शाळेत असताना वाचलं, त्याच्या डोक्यात अलाबामातलं हे गाव शेंगदाणे, रताळी आणि मोडक्या भांड्यांतून उभी राहिलेली प्रयोगशाळा यांच्यासकट बसलेलं असतं. माझ्याही बसलं होतं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ५ जानेवारी १९४३ ला कार्व्हर गेले, तेव्हा त्याच टस्कीगीच्या आकाशात कृष्णवर्णीय तरुण लढाऊ विमानं चालवायला शिकत होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्यांची पहिली तुकडी, ९९ वी फायटर स्क्वाड्रन, उत्तर आफ्रिकेकडे निघाली. कार्व्हरचं बोट धरून मी या वैमानिकांपर्यंत पोचलो आणि मग त्यांच्या जुन्या चरित्रांच्या नादी लागलो.

माझ्याकडे आज अशी पंचवीसेक पुस्तकं आहेत. अमेरिकेतल्या संग्राहकांपुढे ही काहीच नव्हेत. पण ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरात, पगारातून उरलेल्या पैशांत आणि दर पावसाळ्यात बुरशीशी झुंजत जमवलेली आहेत, त्यामुळे चुकांचा अनुभव दांडगा आहे. तो तुमच्या कामी यावा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही पुस्तकं मी नायकाच्या जन्मसालाप्रमाणे लावत नाही, छापल्या सालाप्रमाणे लावतो. तशी लावली की फळीवर एक वेगळीच गोष्ट दिसायला लागते. माणूस कधी गेला, आणि त्याच्यावर पुस्तक काढावंसं कुणाला कधी वाटलं, यातलं अंतर. कुठे अकरा वर्षं, कुठे अठ्ठेचाळीस. मी खरं तर ही अंतरं जमवतो.

पहिली पायरी : कुंपण घाला

'कृष्णवर्णीय वैमानिक' एवढंच ठरवून निघालात तर सहा महिन्यांत घर भरेल आणि संग्रह काही उभा राहणार नाही. बेसी कोलमनचं उदाहरण घ्या. १५ जून १९२१ ला फ्रान्समध्ये जाऊन तिने वैमानिकाचा परवाना मिळवला, कारण अमेरिकेत तिला शिकवायला कुणी तयार नव्हतं. विलक्षण बाई. पण ती सैन्यात नव्हती. तिच्यावरची पुस्तकं घ्यायची की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मी घेत नाही. (एक घेतलंय. प्रत्येक कुंपणाला एक खिंडार असतं.)

'जुनं' म्हणजे किती जुनं, हेही ठरवा. विक्रेते 'व्हिंटेज' हा शब्द वाटेल तसा ताणतात, पंधरा वर्षांचं पेपरबॅकही त्यात बसवतात. माझी रेघ २००७ वर आहे. त्या वर्षी टस्कीगीच्या वैमानिकांना अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर पुस्तकांचा पूर आला. पुरातलं पाणी जमवण्यात मला रस नाही.

दुसरी पायरी : माणसं ओळखून घ्या

पैसे खर्च करण्याआधी महिनाभर नुसतं वाचा. इंटरनेट अर्काइव्हवर यातली काही पुस्तकं ठरावीक वेळेपुरती वाचायला मिळतात. निदान पाच-सहा माणसं तरी नीट माहीत हवीत.

यूजीन बुलार्डपासून सुरुवात करा. जन्म १८९५ चा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावचा. पोरवयातच घर सोडून, जहाजात लपून युरोपला पोचला, मुष्टियोद्धा झाला. १९१४ ला महायुद्ध पेटल्यावर फ्रान्सच्या परदेशी पलटणीत, म्हणजे फॉरिन लीजनमध्ये, भरती झाला. १९१६ साली व्हर्दंच्या लढाईत जबर जखमी झाला आणि त्या जखमांनंतर वैमानिक व्हायचं ठरवलं. ५ मे १९१७ ला परवाना हातात. फ्रान्सकडून त्याने वीसेक उड्डाणं केली. अमेरिका युद्धात उतरल्यावर फ्रान्सकडून उडणाऱ्या इतर अमेरिकी वैमानिकांना स्वदेशाच्या दलात सामावून घेतलं गेलं, बुलार्डला नाही. दोन युद्धांच्या मधल्या काळात तो पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये नाइटक्लब चालवत होता. कवी लँग्स्टन ह्यूजने त्याच 'ल ग्राँ द्युक'मध्ये भांडी विसळलेली आहेत. १९४० ला जर्मन आल्यावर जखमी अवस्थेत स्पेनमार्गे न्यूयॉर्कला आला. आणि तिथे हा माणूस रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत राहिला. १९५९ साली फ्रान्सने त्याला लेजियाँ दॉनर हा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला, तेव्हा त्याच इमारतीतल्या टीव्ही स्टुडिओत त्याची मुलाखत झाली. मुलाखतीला तो लिफ्टवाल्याच्या गणवेशात बसला होता. १९६१ ला गेला. आत्मचरित्राचं हस्तलिखित तसंच राहिलं. त्याच्या आधाराने कॅरिसेला आणि रायन या दोघांनी लिहिलेलं 'द ब्लॅक स्वॉलो ऑफ डेथ' १९७२ साली बॉस्टनच्या मार्लबरो हाउसने काढलं. अकरा वर्षांचं अंतर म्हटलं ते हे.

दुसरे बेंजामिन ऑलिव्हर डेव्हिस, धाकटे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं त्यांच्याशी एकही सहाध्यायी कामाशिवाय बोलला नाही. एकटेच जेवायचे, खोलीतही एकटेच. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात ते हेच. तरी १९३६ साली २७६ जणांत पस्तिसावे आले. वैमानिक व्हायला अर्ज केला तर उत्तर आलं की कृष्णवर्णीयांची हवाई तुकडीच नाही, मग तुम्हाला घेऊन ठेवायचं कुठे? १९२५ च्या लष्करी महाविद्यालयाच्या एका अहवालात, ही माणसं असल्या कामाला लायकच नाहीत, असं गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवलेलं होतं. शेवटी ७ मार्च १९४२ ला टस्कीगीतून पहिले पाच वैमानिक बाहेर पडले, त्यांत डेव्हिस होते. पुढे ९९ वी स्क्वाड्रन आणि ३३२ वा फायटर ग्रुप त्यांच्याच हाताखाली लढला. त्यांचं आत्मचरित्र स्मिथसोनियनने १९९१ ला छापलं. सरळ, कोरडं, कुठेही आवाज न चढवणारं पुस्तक. वाळीत टाकण्याची ती चार वर्षं ते ज्या थंडपणे सांगतात, त्यानेच अंगावर काटा येतो.

डॅनियल 'चॅपी' जेम्स हे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय चार-तारांकित जनरल. १९७५ ला तो हुद्दा मिळाला, १९७८ च्या फेब्रुवारीत, निवृत्तीनंतर महिनाभरातच, ते गेले. त्यांच्यावर मॅकगव्हर्नचं १९८५ चं (अलाबामा विद्यापीठ) आणि फेल्प्सचं १९९१ चं (प्रेसिडियो) अशी दोन चरित्रं आहेत. दोन्ही घ्या. पहिलं अभ्यासकाचं आहे, दुसऱ्यात माणूस जास्त भेटतो.

जेसी ब्राउन हा नौदलाचा पहिला कृष्णवर्णीय वैमानिक, मिसिसिपीचा. ४ डिसेंबर १९५० ला कोरियात चोसिन जलाशयाजवळ त्याचं कोर्सेअर विमान बर्फात कोसळलं. तो आत अडकलेला दिसताच सहकारी टॉम हडनरने स्वतःचं धड विमान मुद्दाम शेजारी पोटावर उतरवलं. हडनरला शौर्यपदक मिळालं, ब्राउन वाचला नाही. त्याचं सविस्तर चरित्र, थिओडोर टेलरने लिहिलेलं, १९९८ साली आलं. अठ्ठेचाळीस वर्षं म्हटलं ती ही. त्याच वर्षी मरीन दलाचे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक फ्रँक पीटरसन यांचं आत्मचरित्रही निघालं. ही दोन्ही पुस्तकं सहज मिळतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हीच घ्यावीत. हात बसतो.

राहिली इथिओपियाची जोडी. जॉन रॉबिन्सन हा शिकागोचा शांत माणूस. १९३५ ला मुसोलिनीने हल्ला केला तेव्हा सम्राट हैले सेलासींच्या इवल्याशा हवाई दलाचा तो प्रमुख होता. ह्यूबर्ट जूलियन मूळचा त्रिनिदादचा आणि तोंडाचा फटकळ. १९३० साली राज्याभिषेकाआधीच्या सरावात त्याने सम्राटांचं आवडतं विमान आपटलं होतं. १९३५ ला अदिस अबाबात या दोघांची चक्क हातापायी झाली. इतिहासात रॉबिन्सन मोठा, पण जूलियनवर पुस्तकं आधी आली. रॉबिन्सनचं टॉमस सिमन्सने लिहिलेलं 'द ब्राउन काँडॉर' १९८८ चं. जो गप्प बसतो त्याच्यावर पुस्तक उशिरा येतं, असं माझं फळीकडे बघून बनलेलं मत आहे.

तिसरी पायरी : यादी करा, आणि नुसत्या नावावर विसंबू नका

माझी सगळ्यात फजितीची खरेदी इथली. मला चॅपी जेम्सचं मॅकगव्हर्नकृत 'ब्लॅक ईगल' हवं होतं. एका परदेशी विक्रेत्याकडे 'ब्लॅक ईगल, चरित्र, कृष्णवर्णीय वैमानिक, बरी प्रत' असं दिसलं, भाव बरा वाटला, घेतलं. सात आठवड्यांनी पाकीट फोडलं तर आतून जूलियनसाहेब मिशीसकट माझ्याकडे बघत होते. ते जॉन पीर न्यूजंटचं 'द ब्लॅक ईगल' होतं, स्टाइन अँड डे, १९७१. विक्रेत्याची चूक नव्हती, त्याने नाव बरोबरच लिहिलं होतं. मीच लेखक विचारला नाही.

आणि ही दोनच नाहीत. जूलियनने स्वतः सांगितलेलं, जॉन बुलकने शब्दांकन केलेलं 'ब्लॅक ईगल' १९६४ ला लंडनच्या जॅरल्ड्सने काढलंय, आणि १९६५ ची एक बुक क्लब आवृत्तीही (म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेली) बाजारात फिरते. म्हणजे एकाच नावाखाली तीन पुस्तकं आणि दोन माणसं. उलटा प्रकारही आहे. विल्यम पॉवेलचं १९३४ चं 'ब्लॅक विंग्ज' स्मिथसोनियनने १९९४ ला 'ब्लॅक एव्हिएटर' नावाने पुन्हा छापलं. पुस्तक एक, नावं दोन. सिमन्सच्या 'ब्राउन काँडॉर'लाही २०१३ ला नवं नाव आणि नवा प्रकाशक मिळाला.

म्हणून वही घाला. प्रत्येक पुस्तकापुढे पाच रकाने: नाव, लेखक, प्रकाशक व गाव, साल, नंतरच्या आवृत्त्यांची नावं. ही माहिती वर्ल्डकॅट या जागतिक ग्रंथालयसूचीत फुकट मिळते. मी शंभर पानी वहीतच लिहितो. फोनमध्ये लिहिलं की सापडत नाही.

शोधताना एक नाजूक गोष्ट. जुन्या पुस्तकांत 'निग्रो' हा शब्द सर्रास आहे. चार्ल्स फ्रान्सिसच्या १९५५ च्या टस्कीगीवरच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच तो आहे. पुढच्या वाढवलेल्या आवृत्तीत उपशीर्षक बदलून 'राष्ट्र बदलणारी माणसं' अशा अर्थाचं झालं. आज तो शब्द कुणाच्या तोंडावर वापरायचा नसतो, पण शोधचौकटीत तो टाकल्याशिवाय १९६५ पूर्वीचा माल वर येत नाही. शिवाय त्यावरून साल ओळखता येतं. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत 'निग्रो', मग 'ब्लॅक', ऐंशीचं दशक सरता सरता 'आफ्रिकन अमेरिकन'. मुखपृष्ठ फाटलेलं, आतलं पान गेलेलं असलं तरी दहा पानं वाचून दशक सांगता येतं.

चौथी पायरी : पहिली आवृत्ती ओळखायला शिका

शीर्षकाच्या पानाची मागची बाजू, म्हणजे कॉपीराइटचं पान, हीच या छंदातली खरी जागा. सत्तरच्या दशकापासून अमेरिकी प्रकाशक तिथे आकड्यांची एक ओळ छापू लागले. त्या ओळीत सगळ्यात लहान आकडा १ असेल तर पहिली छपाई, १ गळून २ राहिला असेल तर दुसरी. आकडे कधी उलटे, कधी एक डावीकडे एक उजवीकडे असे मांडलेले असतात. गोंधळू नका, फक्त १ आहे का ते बघा. विद्यापीठांची प्रकाशनं बऱ्याचदा काहीच लिहीत नाहीत आणि पुढच्या छपाईलाच तसा उल्लेख करतात. स्टाइन अँड डेसारखे जुने प्रकाशक सरळ 'प्रथम प्रकाशन १९७१' असं छापायचे.

बुक क्लबच्या प्रती हा नवख्याचा सापळा. बाहेरून तंतोतंत तशाच, पण कागद हलका, वेष्टनाच्या (डस्ट जॅकेटच्या) आतल्या घडीवर किंमत नाही, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात रंगाशिवाय दाबलेला एक छोटा ठिपका किंवा चौकोन. पुस्तक उजेडात तिरकं धरून बोट फिरवा, ठसा बोटालाच आधी कळतो. काही जण किमतीचा कोपरा कात्रीने उडवतात. भेट देताना किंमत दिसू नये म्हणून हे पूर्वी घरोघरी करत, त्यामुळे कापलेला कोपरा म्हणजे लबाडीच असं नाही. पण तिथे किंमत होती की नव्हती हे मग कळायला मार्ग नसतो, म्हणून मी अशी प्रत स्वस्त असेल तरच घेतो.

वेष्टन, डस्ट जॅकेट, हा अर्धा ऐवज. वेष्टनाविना १९७२ चं बुलार्ड वाचायला उत्तम, संग्रहाला अर्धवट.

पाचवी पायरी : विक्रेत्याची भाषा आणि तुमचे प्रश्न

जुन्या पुस्तकांच्या बाजारात 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे. क्रम असा: फाइन, निअर फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. 'गुड' म्हणजे स्थळाबाबत 'मुलगा बरा आहे' म्हणतात तितपत. पानं सगळी आहेत, पुढचं तुमचं तुम्ही बघा. 'फॉक्सिंग' म्हणजे पानांवर पडलेले तपकिरी ठिपके. 'एक्स-लिब्रिस' म्हणजे आत कुणाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली, आणि 'एक्स-लायब्ररी' म्हणजे ग्रंथालयाने काढून टाकलेली प्रत. या दोन शब्दांत गफलत करून लोक हळहळतात. खालच्या कडेला मार्करची रेघ असेल तर तो न खपलेला, पडत्या भावाने काढलेला माल.

ग्रंथालयाच्या प्रतीला संग्राहक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, निदान या विषयात तरी नाही. माझ्याकडची मॅकगव्हर्नची प्रत (पुढे ती मिळाली, बरं का) अमेरिकेतल्या एका शाळेच्या ग्रंथालयातली आहे. मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. एकूण चौदा शिक्के. एके दिवशी चष्मा लावून नीट पाहिले, तर चौदापैकी अकरा फेब्रुवारी-मार्चमधले. आधी वाटलं योगायोग. मग लक्षात आलं की अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. म्हणजे वर्षातून एकदा शिक्षकांनी निबंध सांगायचा, एका पोराने हे पुस्तक न्यायचं, परत आणायचं, आणि मग पुस्तकाने अकरा महिने फळीवर उभं राहायचं. चॅपी जेम्सचा जन्मही फेब्रुवारीतलाच आणि मृत्यूही. एका करकरीत, फाइन प्रतीने मला हे सांगितलं नसतं.

तर विक्रेत्याला विचारा: लेखक कोण, कॉपीराइटचं पान फोटो काढून पाठवाल का, वेष्टन मूळचं आहे का, घडीवर किंमत आहे का, वास येतो का. शेवटचा प्रश्न बावळट वाटेल, पण बुरशीचा वास फोटोत येत नाही. फोटो त्याच प्रतीचा आहे ना, हेही. नुसता नमुन्याचा फोटो लावणाऱ्याकडून महागाची वस्तू घेऊ नका.

भावाबद्दल एवढंच: एबबुक्स (AbeBooks) या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव बघायचा तर ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावा. तिथे बऱ्याच ऐटबाज आकड्यांची हवा निघते.

सहावी पायरी : पुस्तक घरी आणणं

अमेरिकी टपालखात्याने परदेशी जहाजटपाल २००७ ला बंद केलं, तेव्हापासून आपल्याकडे टपालखर्च बहुधा पुस्तकापेक्षा जास्त होतो. शिवाय २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसलं. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर आणि कुरिअरवाल्याची हाताळणी फी विचारून घ्या. शुल्कापेक्षा फीच जास्त, असंही होतं.

मराठी माणसाचा राजमार्ग वेगळा आहे. न्यू जर्सीतल्या आतेभावाच्या पत्त्यावर मागवायचं. तिथल्या तिथे पुस्तकांसाठी 'मीडिया मेल' हा स्वस्त दर आहे. वर्षभर पुस्तकं त्याच्या तळघरात साठतात आणि दिवाळीला तो येताना आणतो. यात दोन पथ्यं. एक, २३ किलोच्या बॅगेत तुमची चारच पुस्तकं येतील असं धरा, वहिनींच्या सामानाशी स्पर्धा करू नका. दोन, वेष्टनासकट प्रत कपड्यांच्या मधोमध, सपाट ठेवायला सांगा. माझं एक वेष्टन बदामाच्या डब्याने कायमचं दुमडलंय. भावाला काय बोलणार?

मुंबईत फोर्टच्या पदपथावर कधीतरी असं पुस्तक लागतं, मला आजवर दोनदा लागलं. त्या भरवशावर संग्रह होत नाही, पण रविवार चांगला जातो.

सातवी पायरी : सह्यांच्या मोहात सावध

इथे तारखांची वही तुमचे पैसे वाचवते. चॅपी जेम्स १९७८ ला गेले, त्यांची चरित्रं १९८५ आणि १९९१ ची. तेव्हा 'जनरल जेम्स यांच्या सहीची चरित्रप्रत' कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. बुलार्डचंही तेच. १९७२ च्या पुस्तकावर सही असलीच तर लेखकांची. डेव्हिस २००२ पर्यंत होते, त्यांच्या आत्मचरित्राच्या सह्यांच्या प्रती खरोखर आहेत, आणि पीटरसन यांच्याही, ते २०१५ ला गेले. टस्कीगीच्या निवृत्तांच्या मेळाव्यांत एकाच पुस्तकावर अनेकांनी सह्या केलेल्या प्रतीही मिळतात. तिथे प्रत्येक सहीचं नाव पदवीधरांच्या यादीशी ताडून बघा. सुट्ट्या कागदावर सही करून आत डकवलेली असेल तर भाव पाडून मागा.

आठवी पायरी : पावसाळा

परदेशी मार्गदर्शकांत याबद्दल एक ओळ असते. आपल्याकडे चार महिन्यांचा प्रश्न आहे.

पहिलं म्हणजे जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तसं कव्हर घालायचं नाही. स्वस्त प्लास्टिक काही वर्षांत चिकट होतं आणि वेष्टनाची शाई ओढून घेतं. पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म मिळते, ती घ्या. वेष्टनाला कुठेही न चिकटता घडीवर बसते. सेलोटेप घराबाहेर ठेवा. फाटलेलं वेष्टन फाटकंच बरं, टेपचा पिवळा डाग मरेपर्यंत जात नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं कोंबून भरू नका, हवा खेळली पाहिजे. तीनशे-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक आत ठेवा आणि काटा साठच्या वर गेला की सिलिका जेलच्या पुड्या बदला. डांबरगोळ्यांचा वास पुस्तकात मुरतो आणि पुढे गिऱ्हाईक पळतं. आजोबा पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायचे, ते मीही ठेवतो. त्याने कसर येत नाही असं सिद्ध करता येणार नाही, पण कपाट उघडल्यावर बरं वाटतं.

नवं आलेलं जुनं पुस्तक थेट फळीवर जाऊ देऊ नका. आठवडाभर वेगळं ठेवा, कण्याच्या आत टॉर्च मारा. कसरीची शंका आली तर हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता. घाईने उघडलं की गार पानांवर बाष्प धरतं आणि रोगापेक्षा औषध भारी पडतं. बर्फाच्या ट्रेशेजारी जनरल डेव्हिस पाहून आमच्या घरात काय संवाद झाला, तो इथे देत नाही.

नववी पायरी : वाचा, आणि समासाबाहेर लिहून ठेवा

ही पुस्तकं जुनी असल्यामुळे चुकाही जुन्याच बाळगून आहेत. सर्वांत प्रसिद्ध अशी: टस्कीगीच्या वैमानिकांच्या लाल शेपट्यांच्या मस्टँग विमानांनी संरक्षण दिलेलं एकही बॉम्बफेकी विमान शत्रूने पाडलं नाही. मार्च १९४५ मध्ये 'शिकागो डिफेंडर'ने तसं छापलं आणि पुढे साठ वर्षं ते पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं. अमेरिकी हवाई दलाचेच इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी कागद तपासले, तर अशी २७ विमानं पडल्याचं निघालं. त्यांचा गट ज्या पंधराव्या हवाई सेनेत होता, तिच्यातल्या इतर फायटर ग्रुपची सरासरी मात्र ४६ होती. म्हणजे दंतकथा खोटी आणि कामगिरी तरीही सरस. बुलार्डच्या १९७२ च्या चरित्रातही बऱ्याच गोष्टी फुगवलेल्या आहेत. क्रेग लॉइडने २००० साली कागदपत्रं लावून लिहिलेलं चरित्र शेजारी ठेवूनच ते वाचावं.

अशी तफावत सापडली की पुस्तकात पेन चालवू नका. आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती आत ठेवा. चिठ्ठीवर पुस्तक कधी, कुठून, कितीला घेतलं तेही लिहा. पाच वर्षांनी भाव आठवत नाही आणि घरच्यांना सांगितलेला भाव खरा नसतो.

माझ्या फळीवर १९३४ ची जागा अजून रिकामी आहे. पॉवेलचं मूळ 'ब्लॅक विंग्ज' दिसतं क्वचित, आणि दिसलं की आकडा बघून मी पान बंद करतो. १९५५ चं फ्रान्सिस मात्र मिळेल असं वाटतं. एबबुक्सवर हव्या असलेल्या पुस्तकांची नोंद करून ठेवता येते, आलं की ईमेल येतो. ती नोंद करताना लेखकाचं नाव टाका. मी घाईत 'ब्लॅक ईगल' एवढंच टाकून ठेवलं होतं, त्यामुळे अजूनही दर आठवड्याला पक्षीनिरीक्षणाची पुस्तकं येतात.